माडिया की मारिया? एका अक्षराचा, एका स्वल्पविरामाचा इतिहास

(भागाचं लिखित रूप)

आजच्या भागाची सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. फोन हातात आहेच, तर नोट्स उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: एम, ए, आर, आय, ए. मारिया. काही झालं? बहुतेकांच्या फोनला यात काहीच वावगं वाटणार नाही. मारिया हे नाव जगभर चालतं, त्यामुळे ते डिक्शनरीत असतं.

आता मधलं ‘आर’ काढून तिथे ‘डी’ टाका. माडिया. कुणाला खाली लाल रेघ दिसेल, कुणाचा फोन त्याचं परस्पर ‘मीडिया’ करून टाकेल. मग गोंड लिहून बघा, एटापल्ली लिहून बघा, भामरागड लिहून बघा. गडचिरोलीचा अर्धा नकाशा लाल रेघांनी भरून जाईल.

गंमत अशी, की माडिया आणि मारिया हे एकाच जमातीचं नाव आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागात राहणारे माडिया गोंड. महाराष्ट्रात तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. केंद्र सरकारच्या इंग्रजी यादीत मात्र हेच नाव ‘मारिया गोंड’ असं आहे.

म्हणजे फोन ज्याला बरोबर म्हणतो, ते इथलं कुणी बोलत नाही. आणि इथले लोक जे बोलतात, त्याला फोन चूक म्हणतो. हे कसं झालं, आणि याच प्रकारच्या एका अक्षरावरून, एका स्वल्पविरामावरून लाखो लोकांचं आयुष्य कसं अडतं, ही आजची गोष्ट.

लाल रेघ म्हणजे नेमकं काय?

आधी या लाल रेघेचं बघू. आपल्याला वाटतं कॉम्प्युटरला इंग्रजी येतं, म्हणून तो चूक पकडतो. तसं नाही. त्याच्याकडे मुळात एक यादी असते. शब्द यादीत सापडला तर ठीक, नाही सापडला तर रेघ. पुढे व्याकरण तपासणं, अंदाज बांधणं असं बरंच काही आलं, पण पाया यादीचाच.

१९७१ साली स्टॅनफर्डमध्ये राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आजच्या स्पेलचेकर्सचा तो पूर्वज मानला जातो. पुढे युनिक्स या सिस्टिममध्येही ‘स्पेल’ नावाचाच प्रोग्रॅम आला. तो अमेरिकेत तयार झालेला, त्यामुळे स्पेलिंग अमेरिकन. पण त्यात ‘बी’ अक्षराचा एक पर्याय ठेवला होता. तो दिला की प्रोग्रॅम ब्रिटिश स्पेलिंगने तपासायचा. मग कलरमध्ये ‘यू’ पाहिजे, आणि सेंटरच्या शेवटी आधी ‘आर’, मग ‘ई’. कागद तोच, शब्द तेच, पण बटण बदललं की काल बरोबर असलेला शब्द आज चूक.

हा फरक काही आभाळातून पडलेला नाही. नोआ वेब्स्टर या अमेरिकन माणसाने ठरवून तो रुजवला. अमेरिका इंग्रजांपासून स्वतंत्र झाली, तर तिचं स्पेलिंगही वेगळं असावं, असं त्याचं म्हणणं. १८२८ सालच्या त्याच्या मोठ्या शब्दकोशाने ते घराघरात नेलं. म्हणजे स्पेलिंगमागे राजकारण असतं, आणि यादी कुणी केली यावर बरोबर-चूक ठरतं.

१९९५च्या वर्डमध्ये टाइप करता करता लाल रेघ दिसायला लागली, आणि हा निवाडा रोज आपल्या डोळ्यांसमोर यायला लागला. आता फोनच्या कीबोर्डमध्ये इंग्लिश यूएस, इंग्लिश यूके आणि इंग्लिश इंडिया असे पर्याय असतात. ‘इंडिया’ निवडलं की लाख, कोटी, तहसील असे शब्द बऱ्यापैकी सुटतात. पण माडियाचं काय? तो शब्द यापैकी कुठल्या इंग्रजीचा?

उत्तरासाठी आपल्याला दीडशे वर्षं मागे, जुन्या चांदा जिल्ह्यात जावं लागेल.

‘ड’ कुठे हरवला?

आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे म्हणजे इंग्रजांच्या काळातला एकच चांदा जिल्हा. मध्य प्रांतातला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे आला. मग मोजणी, सेटलमेंट, जनगणना, गॅझेटियर हे सगळं सुरू झालं. मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याचा चांदा जिल्ह्याचा सेटलमेंट रिपोर्ट १८६९चा आहे.

आता विचार करा. गोंडी आणि माडिया या बोलल्या जाणाऱ्या भाषा. शेजारी मराठी, पलीकडे हिंदी आणि छत्तीसगढी, खाली तेलुगू. आणि हे सगळं लिहायचं इंग्रजीत. प्रत्येक साहेब आपल्या कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. म्हणून १८७०च्या दशकात सरकारने विल्यम हंटर यांची पद्धत स्वीकारली. भारतीय नावं इंग्रजीत कशी लिहायची, याचे नियम. आजही नकाशांवरची नावं साधारण त्याच पद्धतीने लिहिली जातात.

आता ‘घोडा’ हा शब्द मोठ्याने म्हणा. जीभ वर वळते आणि झटक्यात खाली येते. मराठीत आपण त्यासाठी साधा ‘ड’ लिहितो. हिंदीत मात्र ‘ड’खाली नुक्ता देतात. हंटर पद्धतीत या नुक्तावाल्या ‘ड’साठी ‘आर’ अक्षर ठरलं, खाली एक टिंब असलेलं. आणि छपाईत ते टिंब पडलं! उरला नुसता ‘आर’. हिंदीच्या वाटेने गेलेला माडिया झाला मारिया. मराठीच्या वाटेने गेलेला माडिया राहिला माडिया.

विश्वास बसत नसेल तर गडचिरोलीचंच नाव घ्या. जुन्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये ते ‘गढचिरोली’सारखं आहे: जी, ए, आर, एच. आज आपण लिहितो जी, ए, डी. आणि सीमा ओलांडली की छत्तीसगढ, तिथे अजूनही आर, एच. तिकडचा ‘गढ’ आणि आपला ‘गड’ हा एकच शब्द. मधल्या जंगलातला अबूझमाड तर तीन-चार स्पेलिंगने सापडतो, कधी डीने, कधी आर-एचने.

असे प्रकार इथे पावलोपावली आहेत. गाव बल्लारपूर, पण स्टेशन बल्हारशाह. शहराचं नाव चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी एक स्टेशन आजही चांदा फोर्ट. पण या नावांमुळे फार तर तिकीट काढताना गोंधळ होतो. जमातीच्या नावाचं तसं नाही. कारण ती नावं पुढे कायद्यात गेली.

१९५०ची यादी

६ सप्टेंबर १९५० या दिवशी राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींचा आदेश काढला. प्रत्येक राज्यातल्या कोणत्या जमाती अनुसूचित, याची यादी. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. आज महाराष्ट्राची जी यादी लागू आहे, ती मुख्यतः १९७६च्या दुरुस्ती कायद्यातून आलेली आहे. त्याआधी विदर्भात ही यादी ठरावीक तहसिलींपुरतीच होती. चांदा जिल्ह्यातल्या गडचिरोली आणि सिरोंचा तहसिली त्यात होत्या. म्हणजे जमात तीच, पण तहसील बदलली की दर्जा गेला. १९७६च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन काढलं.

या यादीतली अठरावी नोंद गोंडांची. मी ती पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला ती स्पेलचेकरची डिक्शनरीच वाटली. एका नोंदीत पन्नासच्या वर नावं. आणि त्यांत बघा काय काय आहे: अरख आणि अर्रख. मोघ्या, मोगिया, मोंघ्या. मुडिया आणि मुरिया. वाडे मारिया, एकदा डब्ल्यूने आणि एकदा व्हीने. आणि हो, माडिया आणि मारिया, दोन्ही.

म्हणजे यादी करणाऱ्यांना माहीत होतं की ही नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने कागदांवर आली आहेत. म्हणून त्यांनी शक्य तितकी रूपं नोंदवून ठेवली. एटापल्लीच्या एखाद्या मुलीच्या दाखल्यावर ‘डी’ असो की ‘आर’, यादीत दोन्ही आहेत.

आता याच नोंदीतलं माझं आवडतं नाव सांगतो: ‘बडा मारिया’. बडा आणि माडिया, दोन्हीकडे आवाज एकच, तोच ‘ड’. पण इंग्रजीत बडामधला ‘ड’ डीने आणि माडियामधला आरने. एकाच नावात दोन नियम! आणि हा भारताचा कायदा आहे बरं का, कुणाच्या घाईतली टिपणं नाहीत.

अजून एक नाव आहे, ‘बायसनहॉर्न मारिया’. हे तर सरळ इंग्रजीच. बस्तरमध्ये नाचताना रानगव्याच्या शिंगांचा मुकुट घालतात, त्यावरून डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने ते वापरलं. त्याचं बस्तरच्या माडियांवरचं पुस्तक १९३८चं. साहेबाने दिलेली ओळख बारा वर्षांत कायदेशीर नोंदींच्या वाटेला लागली. ज्यांची ती ओळख, ते स्वतःला कोइतूर म्हणतात. यादीत तेही आहे, पण ‘कोइतार’सारख्या स्पेलिंगने.

जिथे दुसरं स्पेलिंग नव्हतं

पण सगळ्याच नावांना अशी दोन-दोन, तीन-तीन रूपं मिळाली नाहीत. आणि इथून गोष्ट गंभीर होते.

पहिलं नाव माना. चंद्रपूर-गडचिरोलीत, चिमूरच्या बाजूला ही जमात मोठ्या संख्येने आहे. अठराव्या नोंदीत ‘माना’ आहे, आधी स्वल्पविराम आणि नंतर स्वल्पविराम. पण नोंद गोंडांची असल्यामुळे सरकारी यंत्रणा म्हणायची, तुम्ही गोंडांचीच पोटजमात आहात हे सिद्ध करा, तरच प्रमाणपत्र. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २००६ साली कोर्टाने सांगितलं की माना ही स्वतंत्र जमात म्हणून यादीत आहे, ती गोंडांची पोटजमात असायला हवी अशी अट नाही. दोन स्वल्पविरामांनी मानांना उभं राहायला जागा दिली.

दुसरं नाव गोवारी. याच नोंदीत ‘गोंड गोवारी’ असे दोन शब्द आहेत. मधे स्वल्पविराम नाही. गोवारी समाजाचं म्हणणं, हे नाव आमचंच आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी याच मागणीसाठी हजारो गोवारी जमले होते. चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं होती. नागपूरच्या झिरो माइलजवळचं स्मारक त्यांचं आहे. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा.

२०१८ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११च्या आधीच लुप्त झाली होती, त्यामुळे नोंदीतलं नाव गोवारींचंच, असा तो युक्तिवाद. मुलांना प्रमाणपत्रं मिळाली, प्रवेश मिळाले. १८ डिसेंबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे, ‘गोवारी’ नाही, आणि यादी जशी आहे तशीच वाचायची. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या होत्या, त्या कोर्टाने कायम ठेवल्या. बाकीच्यांसाठी दार बंद झालं.

तिसरं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. यादीतली छत्तिसावी नोंद ‘उरांव, धनगड’. धनगर समाजातल्या संघटनांचा दावा असा, की हे धनगड म्हणजे धनगरच, फक्त ‘र’च्या जागी ‘ड’ छापला गेला. आदिवासी संघटनांचं म्हणणं, धनगड हे उरांवांशी जोडलेलं वेगळं नाव आहे, मेंढपाळ धनगरांशी त्याचा संबंध नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबई हायकोर्टाने धनगरांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या.

बघा, अक्षरं पुन्हा तीच आली, ‘ड’ आणि ‘र’. माडिया-मारियाचा अनुभव बघून कुणालाही वाटेल, अरे, इथेही तेच झालं असणार. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. माडियाच्या बाबतीत नुक्तावाल्या ‘ड’चा ‘आर’ झाला, हे उघड आहे, आणि यादीने स्वतःच दोन्ही रूपं मान्य केली आहेत. धनगरच्या शेवटी मुळातच ‘र’ आहे, तो ‘ड’ म्हणून कुणी बोलत नाही. स्पेलिंग जवळ आहे म्हणजे माणसं तीच, असं स्पेलचेकर म्हणेल. मीडिया आणि माडियाही जवळच आहेत की!

‘ॲड टू डिक्शनरी’ कुणाच्या हातात?

फोनवर लाल रेघ आली की तुम्ही काय करता? बोट दाबून धरता, ‘ॲड टू डिक्शनरी’ निवडता, विषय संपला. कायद्याच्या यादीत हे बटण फक्त एकाच ठिकाणी आहे: संसदेत. राज्यघटनेचं कलम ३४२ सांगतं, राष्ट्रपतींनी एकदा यादी काढली की त्यात नाव घालायचं किंवा काढायचं ते फक्त संसदेने, कायदा करून. नोव्हेंबर २०००मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं, तेही विदर्भाशी जवळचा संबंध असलेल्या हलबा-कोष्टी प्रकरणात. राज्य सरकार, अधिकारी किंवा कोर्ट, कुणीही यादीतल्या नावाचा अर्थ ताणून त्यात दुसरं नाव बसवू शकत नाही.

हे ऐकायला कठोर वाटतं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ‘जवळपास सारखं’ नाव चालवून घेतलं, तर ज्यांच्यासाठी यादी केली त्यांच्याच जागा दुसरे घेऊन जातील, ही भीती गडचिरोलीच्या गावागावात खरी आहे. म्हणून जात पडताळणी समित्या आल्या. कोतवाल बुकाच्या नकला, आजोबांचा शाळेचा दाखला, १९५०च्या आधीचे कागद, हे सगळं त्यासाठीच मागतात.

पण मग खरंच नुसतं स्पेलिंग चुकलं असेल तर? तर संसद ते बटण दाबते, आणि दाबलेलंही आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगढमध्ये पंडो जमातीचं हेच झालं. देवनागरीत नाव थोडं वेगळं लिहिलं गेलं की प्रमाणपत्र अडायचं. २०२३मध्ये संसदेने कायदा मंजूर केला. त्यात पंडोची तीन देवनागरी रूपं घातली. भारिया भूमियासोबत भुइंया, भुईयां, भुयां अशी रूपंही घेतली. देशाच्या संसदेने बसून अनुस्वार आणि वेलांट्या निस्तरल्या. वाचायला गंमत वाटते, पण जो मुलगा त्या एका मात्रेमुळे वर्षानुवर्षं दाखल्याविना राहिला, त्याला विचारा.

मग आपण काय करायचं?

एक साधी गोष्ट. तुमच्यापैकी बरेच जण स्कॉलरशिपचा, नीटचा, भरतीचा फॉर्म फोनवरूनच भरता. नाव, जमात, गाव या रकान्यांत ऑटोकरेक्ट बंद ठेवा. जमातीचं स्पेलिंग जात प्रमाणपत्रावर जसं आहे, अक्षर न अक्षर तसंच भरा. ‘आपण बरोबर करून टाकू’ असं म्हणून ‘आर’चा ‘डी’ करू नका. दहावीची मार्कशीट, आधार आणि प्रमाणपत्र यांत फरक असेल, तर फॉर्मची शेवटची तारीख येण्याआधीच दुरुस्तीला लागा.

आणि एक मोठी गोष्ट. इतकी वर्षं यादी दुसऱ्यांनी केली. आता गोंडी बोलणारेही आपली यादी करायला लागले आहेत. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख होते, पण तेलंगणाची गोंडी वेगळी, गडचिरोलीची वेगळी, बस्तरची वेगळी. २०१४पासून वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी भाषक एकत्र बसत गेले आणि २०१८मध्ये सुमारे तीन हजार शब्दांचा एक सामाईक शब्दकोश तयार झाला. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या दोन लिप्याही २०१७ आणि २०१८मध्ये युनिकोडमध्ये आल्या. त्यातलं गुंजाळा गाव आपल्या चंद्रपूरला लागून असलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं.

या शब्दकोशातही भांडणं होणारच. कुणाची गोंडी प्रमाण मानायची? अमेरिकन की ब्रिटिश, असाच तो वाद, फक्त आपल्या जंगलातला. पण फरक मोठा आहे. या वेळी कोणतं स्पेलिंग धरायचं, हे बोलणारी माणसं ठरवत आहेत.

म्हणून यापुढे कुणी म्हणालं, ‘स्पेलिंग चुकलंय’, तर लगेच खोडू नका. आधी विचारा: कोणत्या यादीप्रमाणे? आणि ती यादी केली कुणी?

तुमच्या गावाचं, आडनावाचं किंवा जमातीचं नाव कागदावर किती स्पेलिंगने आलंय, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. एटापल्ली, कोरची, जिवती, सिरोंचा, सगळीकडून येऊ द्या. आणि हा भाग अशा मित्राला पाठवा, जो सध्या फॉर्म भरतोय. भेटू पुढच्या भागात. जोहार!